प्रश्न तुमचे: ‘नॉर्मल’ म्हणजे कशाच्या दृष्टीनं नॉर्मल?

रक्ताच्या दुर्मीळ आजारांच्या तपासण्यांविषयी काही विचारायचं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीभोवती फिरतात: रिपोर्ट नॉर्मल आहे, पण त्रास तर होतोय. मी एकतीस वर्षं हिमॅटॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलं, हजारो रिपोर्टांवर सह्या केल्या, त्यामुळे ही तक्रार मला लागते. तपासणीला जेवढं विचारलं तेवढंच ती सांगते. ‘नॉर्मल’ हे तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर असतं, आणि पुष्कळदा प्रश्नच दुसरा विचारायला हवा असतो. या वेळी पाच पत्रं घेते आहे. पहिल्या दोन पत्रांना जागा जास्त लागली, कारण त्यांत सांगण्यासारखंही जास्त आहे.

माझा मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. जन्मानंतर आठव्या दिवशी नाळेच्या जागेतून रक्त यायला लागलं, ते तीन दिवस थांबेना. मागच्या महिन्यात पडून ओठ फुटला. रक्त लगेच थांबलं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सुरू झालं. प्लेटलेट २ लाख ८० हजार, पीटी आणि एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या तपासण्या) दोन्ही नॉर्मल. ‘रक्तात दोष नाही, तुम्ही उगाच घाबरता’ असं सांगितलं गेलं. आणखी काय तपासायचं? — एक आई

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. नाळेतून वाहिलेलं रक्त आणि एकदा थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालेलं रक्त, या दोन गोष्टी एका मुलाच्या बाबतीत ऐकल्या की माझ्या मनात आधी रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी फॅक्टर १३ची कमतरता येते.

पीटी आणि एपीटीटी कशा करतात ते सांगते, म्हणजे तुमचा रिपोर्ट नॉर्मल का आला ते कळेल. रक्तातल्या पेशी खाली बसवून वरचा पिवळसर प्लाझ्मा घेतात, त्यात गोठण सुरू करणारं द्रव्य आणि कॅल्शियम घालतात आणि घड्याळ सुरू करतात. फायब्रिनचे, म्हणजे गुठळी ज्या प्रथिनाची बनते त्याचे, पहिले धागे तयार झाले की यंत्र घड्याळ थांबवतं. पुढे त्या धाग्यांचं काय होतं, ते ही तपासणी बघतच नाही.

आणि खरं काम तर पुढेच असतं. सुरुवातीला फायब्रिनचे धागे एकमेकांना नुसते चिकटलेले असतात. शिवणकामातला धावदोरा असतो ना, तसे. ओढला की निघतो. त्यावर पक्की शिवण घालतो तो फॅक्टर १३. शेजारशेजारच्या धाग्यांमध्ये तो रासायनिक बंध घालतो, आणि मग ती गुठळी जखम भरेपर्यंत टिकते. हा घटक नसेल तर गुठळी वेळेवर होते, घड्याळ वेळेवर थांबतं, रिपोर्ट नॉर्मल येतो. जखमेवरची गुठळी मात्र एक-दीड दिवसात उसवते. तुमच्या मुलाच्या ओठाचं वर्णन तंतोतंत असंच आहे.

याची एक जुनी तपासणी आहे आणि ती मला फार आवडते, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. मुलाच्या प्लाझ्मात कॅल्शियम घालून काचेच्या नळीत गुठळी होऊ द्यायची. ती ३७ अंशांवर अर्धा तास ठेवायची. मग नळीला हलकी टिचकी मारून गुठळी काचेपासून सुटी करायची आणि ५ मोलर युरियाच्या द्रावणात सोडायची. शेजारी निरोगी माणसाच्या प्लाझ्माची गुठळी दुसऱ्या नळीत ठेवायची. निरोगी गुठळी दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच तरंगत असते, साबुदाण्यापेक्षा मोठा, दुधी रंगाचा गोळा. फॅक्टर १३ नसलेली गुठळी आधी कडांना विरते, मग धुरकट होते, आणि दोन-तीन तासांत नळीत नुसतं पाणी उरतं. माझ्या हातून अशी विरलेली पहिली गुठळी एका तान्ह्या मुलीची होती. नळी उजेडासमोर धरून मी कितीदा तरी तिरकी केली. कुठेतरी तुकडा उरला असेल, असंच वाटत राहिलं.

या तपासणीचीही मर्यादा आहे, आणि इथे फार जपावं लागतं. फॅक्टर १३ जवळजवळ शून्य असेल तरच गुठळी विरते. थोडासा जरी असला तरी ती टिकते आणि उत्तर पुन्हा ‘नॉर्मल’ येतं. म्हणून आता फॅक्टर १३ किती आहे ते मोजणाऱ्या तपासण्या करतात, तीच मागा. दुसरं म्हणजे मुलाला अलीकडे रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर ते तारखेसह सांगा. हा घटक शरीरात नऊ ते चौदा दिवसांनी निम्मा होतो, म्हणजे दुसऱ्याकडून मिळालेला फॅक्टर १३ कित्येक दिवस दोष झाकून ठेवतो. याच संथपणाचा उपचाराला मात्र फायदा होतो. निदान पक्कं झालं तर साधारण चार आठवड्यांतून एकदा दिलेला डोस मुलाला सांभाळून नेतो.

हा आजार सुमारे २० लाखांत एकाला होतो. त्यामुळे तो नसण्याचीही शक्यता आहे, आणि म्हणून शोध इथेच थांबवू नका. अल्फा-२ अँटीप्लाझ्मिन (गुठळी वेळेआधी विरघळू न देणारं प्रथिन) कमी असेल तरी पीटी-एपीटीटी नॉर्मल येतात. प्लेटलेटचा आकडा चांगला असून त्या कामच करत नाहीत, असंही होतं. ग्लान्झमन थ्रॉम्बास्थेनिया त्यातला एक आजार. त्यासाठी अ‍ॅग्रिगोमेट्री करतात: प्लेटलेट असलेला गढूळ प्लाझ्मा प्रकाशाच्या झोतात ठेवून त्यात एडीपी, कोलॅजेन अशी द्रव्यं घालायची. प्लेटलेट एकमेकींना धरून गोळा झाल्या की प्लाझ्मा नितळ होतो आणि पलीकडे जास्त प्रकाश पोचतो. ग्लान्झमनमध्ये तो गढूळच राहतो.

रक्तविकारतज्ज्ञांकडे जाताना नाळेची आणि ओठाची गोष्ट तारखांसह कागदावर लिहून न्या. आणि निदान होईपर्यंत मुलाच्या डोक्याला मार लागला तर ‘बघू, झोपून उठल्यावर’ असं करू नका, थेट रुग्णालयात न्या. फॅक्टर १३च्या कमतरतेत मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण इतर रक्तस्रावी आजारांपेक्षा जास्त आहे.

एका प्रयोगशाळेनं मला सिकल सेलची वाहक म्हटलं. दुसऱ्या ठिकाणी एचपीएलसी केली तर ‘हिमोग्लोबिन डी’ असं आलं. सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आहे. मला काहीच त्रास नाही. दोघांपैकी खोटं कोण? — एक वाचक

खोटं कोणीच नाही. पहिल्या प्रयोगशाळेनं तुमच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभार पाहिला, आणि त्याला नाव देताना घाई केली.

तुम्ही सोबत पाठवलेल्या पहिल्या रिपोर्टावर ‘अल्कलाइन इलेक्ट्रोफोरेसिस’ असं छापलंय. यात हिमोग्लोबिनचा थेंब पट्टीवर लावून वीज सोडतात. सुमारे ८.६ पीएचला हिमोग्लोबिनवर ऋणभार असतो, त्यामुळे ते धन टोकाकडे सरकतं, आणि भार जितका जास्त तितकं पुढे जातं. हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा अशा अमिनो आम्लांच्या साखळ्यांचं असतं. सिकलचं हिमोग्लोबिन एस म्हणजे बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. ग्लुटामिक आम्लावर एक ऋणभार असतो, व्हॅलीनवर नसतो. हिमोग्लोबिन डी-पंजाबमध्ये जागा वेगळी, १२१वी, आणि तिथे ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामीन येतं. त्यावरही भार नाही. दोन्हीकडे साखळीमागे एकेकच ऋणभार गेला, म्हणून पट्टीवर दोघं एकाच जागी येऊन थांबतात. तिथे पट्टी दिसली की ‘एस किंवा डी किंवा जी’ इतकंच म्हणता येतं. ‘एस’ लिहून टाकायचा अधिकार त्या पट्टीनं कोणाला दिलेला नाही.

वेगळं करायचे मार्ग आहेत. सायट्रेट अगारवर सुमारे ६.२ पीएचला पट्टी पळवली की एस बाजूला होतं आणि डी नेहमीच्या ए हिमोग्लोबिनबरोबर राहतं. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन एका बारीक नळीतून ढकलतात, प्रत्येक प्रकार आपापल्या मिनिटाला बाहेर पडतो, आणि तिथे एस व डी यांच्या वेळा निराळ्या आहेत. तिसरी खूण तुमची सोल्युबिलिटी टेस्ट. तीव्र फॉस्फेट द्रावणात सोडियम डायथायोनाइट घालून रक्तातला ऑक्सिजन काढून घेतात. ऑक्सिजन नसलेलं एस हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते, आणि मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. तुमच्या नळीतून रेघा दिसल्या. एस वाहकात हे हिमोग्लोबिन ३५ ते ४० टक्के असतं, तेवढ्यात नळी गढूळ व्हायलाच हवी होती. (पहिल्या काही महिन्यांच्या बाळात मात्र ही तपासणी फसवते, कारण तेव्हा बहुतेक हिमोग्लोबिन गर्भातलंच, म्हणजे एफ प्रकारचं असतं.) एकूण, डी जास्त पटतं.

एचपीएलसीचीही आंधळी जागा असते. हिमोग्लोबिन ई आणि ए२ तिथे एकाच वेळी बाहेर येतात. ‘ए२ २८ टक्के’ असा रिपोर्ट पाहून घाबरलेले लोक माझ्याकडे आलेत. ए२ तीन टक्क्यांच्या आसपास असतं. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात ते थोडं वाढतं, पण २८ होत नाही. तिथे ई असतं.

यात विज्ञानाचा एक सुंदर इतिहास आहे, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकल सेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेखाली निराळ्या वेगानं सरकतं. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण फरक नेमका कुठे? १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं कापलं. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन यांच्या पुढे कापतं, त्यामुळे तुकडे दर वेळी तेच पडतात. ते कागदावर एका दिशेनं विजेनं आणि दुसऱ्या दिशेनं द्रावणानं पसरवले, तर तीसेक ठिपके उमटले. निरोगी आणि सिकलच्या कागदांत फक्त एक ठिपका हलला होता! पुढच्या वर्षी त्या ठिपक्यातून त्यांनी ग्लुटामिक आम्लाच्या जागी आलेलं व्हॅलीन शोधून काढलं.

आज हेच काम मास स्पेक्ट्रोमीटर हे रेणूंचं वजन करणारं यंत्र करतं. निरोगी बीटा साखळीचं वजन १५,८६७ डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक). एसमध्ये ते ३० डाल्टननं कमी होतं, ते सहज दिसतं. डीमध्ये मात्र जेमतेम १ डाल्टनचा फरक, आणि पंधरा हजारांत एक शोधायचा म्हणजे कठीण. मग इथेही आधी ट्रिप्सिन लावून साखळीचे तुकडे करतात. लहान तुकड्यात एकाचा फरक स्पष्ट दिसतो. सत्तर वर्षांपूर्वीची युक्ती आजही जशीच्या तशी कामाला येते, याचं मला अजून अप्रूप आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं असं: डी वाहक म्हणून तुम्हाला स्वतःला काही होणार नाही. पण जोडीदार एसचा वाहक असेल, तर मुलात एस आणि डी एकत्र येऊ शकतात, आणि तो आजार सिकल सेलसारखाच गंभीर असतो. म्हणून मूल होऊ देण्याआधी जोडीदाराची एचपीएलसी करून घ्या. आणि तुमचा स्वतःचा नमुना दुसऱ्याचं रक्त चढवल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत दिलेला नव्हता ना, तेही बघा. लाल पेशी १२० दिवस जगतात, तेवढा काळ रक्तदात्याचं हिमोग्लोबिन रिपोर्टात मिसळलेलं असतं.

पाळीत खूप रक्तस्राव होतो. वॉन विलेब्रांड फॅक्टर (प्लेटलेटना जखमेशी चिकटवणारं प्रथिन) एकदा कमी आला, सहा महिन्यांनी नॉर्मल. आता आजार आहे की गेला? — एक विद्यार्थिनी

हा आजार जन्मजात असेल तर जात नाही, आणि एका आकड्यावर ठरतही नाही. हे प्रथिन ताणानं, तापानं, व्यायामानं, गरोदरपणात वाढतं. ओ रक्तगटाच्या लोकांत ते मुळातच कमी असतं. म्हणून बरं वाटत असताना, शांत बसून, निदान दोन-तीनदा मोजावं. नुसतं प्रथिन किती आहे ते पुरत नाही, ते काम किती करतं तेही मोजावं. त्यासाठी रिस्टोसेटिन वापरतात. हे मूळचं प्रतिजैविक. रुग्णांच्या प्लेटलेट कमी व्हायला लागल्या म्हणून औषध म्हणून ते मागे घेतलं गेलं. १९७१ मध्ये दिसलं की ते प्लेटलेटना गोळा करतं, पण त्याला वॉन विलेब्रांड फॅक्टर लागतो. ज्या दोषामुळे औषध बाद झालं, त्याच दोषावर ही तपासणी उभी राहिली.

आणखी एक विचारा: पहिला नमुना बर्फात ठेवून पाठवला होता का? न वेगळं केलेलं रक्त थंड ठेवलं की हा फॅक्टर कमी भरतो. माझ्याकडे एका मुलीची ट्यूब बर्फाच्या डब्यातून आली होती. मी आकडे पाहिले, डबा पाहिला नाही, आणि सही केली. दोन वर्षं ती मुलगी तिला नसलेल्या आजाराचं कार्ड घेऊन फिरली. दुसऱ्या एका ऑपरेशनच्या वेळी पुन्हा तपासलं तेव्हा सगळं नीट निघालं. त्या दिवसापासून रिपोर्टाआधी मी नमुना कसा आला ते वाचते.

मॅडम, हिमोग्लोबिनचं वजन ६४ हजार डाल्टन. मग आमच्या एसडीएस-पेज जेलवर पट्टी १६ हजारांजवळ का आली? सरांनी ‘नमुना खराब’ म्हटलं. — बी.एस्सी. दुसरं वर्ष

तुझा नमुना खराब नाही. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं, दोन अल्फा, दोन बीटा, आणि त्या एकमेकींना रासायनिक बंधानं बांधलेल्या नसतात. एसडीएस हे साबणासारखं द्रव्य घालून उकळलं की त्या सुट्या होतात, घडी उलगडते, आणि प्रत्येक साखळीवर तिच्या लांबीच्या प्रमाणात एसडीएसचा ऋणभार बसतो. मूळचा भार त्यात बुडून जातो. म्हणून या जेलवर फक्त आकार दिसतो. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६, दोघी शेजारी शेजारी येतात. याच कारणानं या जेलवर एस आणि ए वेगळे दिसणार नाहीत, हेही लक्षात ठेव. वरच्या पत्रातली पट्टी साधी, एसडीएस नसलेली होती.

जमलं तर पुढच्या वेळी लाल पेशींचं आवरण चालवून बघ. पेशी अगदी विरळ बफरमध्ये फोडायच्या, थंडगार सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या, लाल पाणी वरून काढून टाकायचं, पुन्हा धुवायच्या. तीन-चार धुण्यांनी तळाशी फिकट, जवळजवळ पांढरा थर उरतो. त्याला ‘घोस्ट’ म्हणतात. तो जेलवर चालवून कुमासी निळ्यानं रंगवला की वरती स्पेक्ट्रिन या आवरणातल्या प्रथिनाच्या दोन जाड पट्ट्या आणि खाली बाकीच्या दिसतात. ‘बॅंड ३’ हे प्रथिनाचं नाव ऐकलं असशील, ते त्याच्या जेलवरच्या क्रमांकामुळे पडलंय. हेरिडिटरी स्फेरोसायटोसिसच्या (लाल पेशी चेंडूसारख्या गोल होण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णात यातलीच एखादी पट्टी बारीक पडलेली असते.

आता सगळे जीन वाचता येतात. मग या जुन्यापान्या प्रथिनांच्या तपासण्या हव्यात कशाला? — एक निवृत्त शिक्षक

सर, प्रश्न रास्त आहे. पण जीन निरोगी असूनही प्रथिन नाहीसं होऊ शकतं. अक्वायर्ड हिमोफिलियात माणसाचं शरीरच फॅक्टर ८ विरुद्ध अँटीबॉडी तयार करतं. तिथे जीन वाचून हाती काही लागत नाही. रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळायचा आणि एपीटीटी बघायची. नुसती कमतरता असेल तर वेळ सुधारते. अँटीबॉडी असेल तर सुधारत नाही, किंवा आधी सुधारते आणि ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर पुन्हा बिघडते. ते दोन तास वाट न बघितल्यामुळे निदान निसटतं.

दुसरीकडे, तीव्र हिमोफिलिया ए (फॅक्टर ८ ची जन्मजात कमतरता) असलेल्या जवळजवळ निम्म्या कुटुंबांत फॅक्टर ८ च्या जीनचा एक मोठा भाग उलटा बसलेला असतो. एकही अक्षर चुकलेलं नसतं, म्हणून अक्षरं वाचणाऱ्या नेहमीच्या सिक्वेन्सिंगला तो दिसत नाही. त्यासाठी खास पीसीआर लावावी लागते. फॅक्टर ८ मोजला तर तो १ टक्क्याच्या खाली, हे मात्र त्याच दिवशी कळतं.

आणि बदल सापडला तरी तो घातक की निरुपद्रवी, हे पुष्कळदा जीनवरून कळत नाही. शेवटी ते प्रथिन तयार होतं का, टिकतं का, काम करतं का, हेच बघावं लागतं. मला दोन्ही हवं असतं, पण एकच मिळणार असेल तर मी आधी प्रथिन मागेन.

जाता जाता, ‘ट्यूब अर्धीच भरली म्हणून नमुना परत का पाठवला’ असं याच पत्रात तुम्ही विचारलंय. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट आधीच मोजून भरलेलं असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त या हिशोबानं. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं, ते तपासणीत घातलेलं कॅल्शियम खाऊन टाकतं आणि गोठायला खोटाच उशीर दिसतो. तुमच्या बाबतीत आणखी एक कारण असू शकतं. तुमचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, ५८ आहे. ते ५५च्या वर गेलं की प्लाझ्मा इतका थोडा राहतो की काठोकाठ भरलेल्या ट्यूबमध्येही सायट्रेट जास्त ठरतं. रक्त घेणाऱ्याला हा आकडा आधीच सांगा. ट्यूबमधलं सायट्रेट त्या हिशोबानं कमी करून मगच तुमचं रक्त घ्यावं लागेल.